भाऊबीजेचा समुद्र

पंचवटीतला माणूस पायात चपला सरकवताना घरात ओरडून सांगतो, ‘गंगेवर जाऊन येतो गं.’ गोदावरी हे नाव आम्ही परीक्षेच्या पेपरात आणि पाहुण्यांपुढे वापरतो. एरवी ती गंगाच. माझी फेरी वर्षानुवर्षं ठरलेली. मालेगाव स्टँडच्या उतारानं खाली, रामकुंड, गांधी तलाव, दुतोंड्या मारुतीला लांबूनच हात, नारोशंकराच्या देवळावरून पुढे आणि येताना पिशवीत मेथीची जुडी. पुराचं पाणी आम्ही फुटांत मोजत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं असं सांगतो. ऑगस्ट 2019 सारखा पूर आला की ‘मारुती बुडाला’ एवढंच गावभर फिरतं आणि सगळ्यांना सगळं कळतं.

म्हणजे आमच्या हिशेबी पाणी एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूला जातं. वरच्या अंगाला गंगापूर धरण, खालच्या अंगाला नांदूरमधमेश्वर. पाणी सोडलं की वाढतं, बंद केलं की उतरतं. गेलेलं पाणी सहा तासांनी त्याच वाटेनं परत आलं, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. एवढंच पाणी बघत मोठा झालेला माणूस समुद्राकडे गेला की त्याची फसगत ठरलेली. माझी तर चांगली अकरा-बारा वर्षं झाली, आणि मला ती कळलीही नाही.

ताईचं लग्न बोर्डीला ठरलं तेव्हा वाड्यात पहिला प्रश्न निघाला, ‘बोर्डी म्हणजे नक्की कुठं?’ पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता. ठाणे जिल्हा, डहाणू तालुका, असं सांगितलं तरी कुणाच्या डोळ्यांपुढे काही येईना. शेवटी मी नकाशा काढला आणि स्वतःच चकित झालो. शाळेत 720 किलोमीटर म्हणून पाठ केलेला आपला किनारा वर जिथं संपतो, ते टोक नाशिकच्या अगदी नाकासमोर होतं. नाशिक आणि डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, विसाव्या. पट्टी ठेवून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर शंभराच्या थोड्या वर किलोमीटर. पुण्यापेक्षा जवळ! आणि तरी आमच्या गल्लीत सिमला बघितलेली माणसं होती, डहाणू बघितलेलं एकही नव्हतं. समुद्र बघायचा तर मुंबईला किंवा फार तर अलिबागला जायचं, असा रिवाज. घाटाखाली उतरलं की समोर समुद्र आहे, हे ध्यानात येतच नाही. आमच्या नदीनंच त्याच्याकडे पाठ फिरवली आहे, मग माणसांचं काय. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण दख्खनचा उतार पूर्वेला, म्हणून गंगा तिकडे तोंड करून 1465 किलोमीटर चालत जाते, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत.

ताईकडे जायचा माझा दिवस एकच, भाऊबीज. पाडव्याला पहाटे निघायचं. सीबीएसवरून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. मग जव्हारला गाडी बदलून कासा, चारोटी नाका, डहाणू. सरळ रेघेतले शंभर किलोमीटर रस्त्यानं दीडशेच्या घरात जातात आणि सहाशे मीटरची उंची घाटाघाटांनी पोटात ढवळत उतरते. आमच्या आईला गाडी लागते. मोखाड्याच्या वळणांचं नुसतं वर्णन ऐकून तिनं ठरवलं की लेक चारदा नाशिकला येऊ दे, मी काही जायची नाही. म्हणून दरवर्षी मी, माझी बायको, चिवड्याचा डबा आणि द्राक्षं बाजारात लवकर आली असतील तर त्यांची पेटी, असा सगळा ऐवज जायचा.

डहाणूपासून पुढचा रस्ता मला सगळ्यात आवडतो. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. डाव्या हाताला सुरूच्या फटींतून समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ताईच्या घरी तो इतका असतो की त्याची किंमत कुणाला नाही. गोठ्यातल्या गाईलाही मिळतो. डहाणू गावातल्या चौपाटीवर सुट्टीच्या दिवशी जत्रा असते. तिथं भेळ खावी आणि पुढं निघावं. नरपड संध्याकाळी बरं. पण चालायचं तर बोर्डी.

पहिल्या भाऊबीजेला सकाळी सातला सुरूतून बाहेर आलो तर समोर समुद्र नव्हता.

खरंच नव्हता. ओली काळसर वाळू पार क्षितिजाकडे गेलेली आणि तिच्या टोकाशी एक बारीक चकाकती रेघ. इथला किनारा जवळजवळ सपाट, ताटासारखा. त्यात खंबायतचं आखात वरच्या अंगाला जवळ. तिकडे पाणी अरुंद जागेत कोंबलं जातं, म्हणून भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा इथं जास्त. सपाट जमिनीवर तेवढं पाणी उतरलं की ते कुठल्या कुठं जातं. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी एवढंच म्हणालो, ‘वा! चालायला जागा आहे.’

आणि चालायला जागा कशी! सूर्य पाठीमागे बाहरोटच्या डोंगरावरून उगवतो. जवळचं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारश्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं याच डोंगरातल्या गुहांत सांभाळला होता. त्या डोंगरावरून ऊन येतं आणि आपली सावली लांबच लांब होऊन समुद्राकडे पडते. सावलीच्या डोक्यावर पाय ठेवायचा प्रयत्न करत चालत राहायचं, दुसरं काम नाही. चपला हातात. वर कोरड्या वाळूत पाय रुततो, दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. पाण्याच्या काठाची ओली वाळू मात्र अंगणासारखी टणक. तिच्यावर पाऊल पडलं की पावलाभोवती पांढुरकी कड उमटते, जणू तेवढीच वाळू झटकन सुकली. पाय उचलला की पुन्हा ओली. मला वाटायचं वजनानं पाणी पिळून निघतं. दाजी शाळेत विज्ञान शिकवायचे, ते म्हणाले, उलटं आहे. दाबल्यावर कण एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं. तेव्हापासून चालताना माझं अर्धं लक्ष पायाखालीच असतं.

पायाखाली बघायला आणखी एक मोठी गंमत. ओहोटीची वाळू जरा निथळली की तिच्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतात आणि प्रत्येक भोकाभोवती बारीक गोळ्यांच्या रांगा. उकिडवं बसून, हलायचं नाही, शंभर आकडे मोजायचे. मग हरभऱ्याएवढा खेकडा वर येतो. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, तिच्यातलं खाण्याजोगं असेल ते ठेवून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी वळून मागे ढकलतो. पुन्हा वाळू, पुन्हा गोळी. भाकरीचं पीठ मळणाऱ्या बाईचा हात जसा न बघता चालतो तसा. बिळापासून बाहेर एक रेघ खात जातो, परत येतो, शेजारची रेघ धरतो, आणि तासाभरात किरणं फुटल्यासारखी रांगोळी तयार. दिवाळीचे दिवस, ताईच्या दारात ठिपक्यांची रांगोळी असायची, तिच्यापेक्षा ही सरस असं मी एकदा बोलून गेलो आणि त्या वर्षी ओवाळणीच्या ताटात मला करंजी मिळाली नाही.

असं मी दरवर्षी सातला निघून नऊपर्यंत परतायचो. आंघोळ, ओवाळणी, मग ताईच्या हातचं जेवण. जेवलो की आडवा. पाचला पुन्हा एक फेरी, तेव्हाही समुद्र लांबच, आणखी लांब जात असलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकची गाडी. अकरा-बारा वर्षांत माझं मत पक्कं झालं की बोर्डीचा समुद्र असाच. लांबचा. नाशिकला मित्रांना मी तसं ठासून सांगायचो. ‘तिथं पाण्यात जायचं म्हणजे आधी अर्धा किलोमीटर चालायचं, बरं का.’ ऐकणारे सगळे गंगेवरचे, त्यांना तरी काय कळणार.

खूण डोळ्यांसमोर होती. सुरूच्या पुढे वाळूवर जांभळट फुलांची एक वेल पसरलेली असते, पानं आपट्यासारखी मधोमध दुभंगलेली. तिचं नावही दाजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मर्यादावेल. मी ते वहीत टिपून घेतलं. पण मर्यादा कुणाची, हे विचारायचं काही सुचलं नाही.

मग एका वर्षी आमच्याकडे सुतक आलं, भाऊबीज राहिली. ताई फोनवर रडवेली झाली. सुतक फिटलं तेव्हा आईच एकदम म्हणाली, ‘तुळशीच्या लग्नाला जाऊ आपण. मी पण येते.’ कुणाचा विश्वास बसेना. आलेपाकाच्या वड्या, लिंबू, पुढची सीट आणि डोळे गच्च मिटलेले, अशा थाटात आई घाट उतरली. मुंबईला ती आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा दवाखान्याच्या कामाला. टॅक्सीतून समुद्र दिसला असला तर असेल.

बोर्डीला पोचेपर्यंत अंधार झाला. ‘समुद्र उद्या सकाळी,’ मी म्हणालो, ‘पण आई, जरा चालावं लागेल हं. तो लांब असतो.’

दुसऱ्या दिवशी द्वादशी. साडेआठला आईला घेऊन सुरूतून बाहेर आलो आणि थबकलो. समोर पाणी होतं. पन्नास पावलांवर. माझी सगळी अंगणासारखी वाळू, खेकड्यांच्या रांगोळ्या, सावली टाकायची जागा, काहीच नव्हतं. लाटा फुटत होत्या आणि फेसाची कड मर्यादावेलीच्या अलीकडे दहा-पंधरा हातांवर येऊन जिरत होती. आईनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘लांब असतो म्हणालास ना?’

मी बावळटासारखा ताईकडे वळलो. ताई म्हणाली, ‘भरती आहे. मग?’

‘पण सकाळी कधी नसतं ना पाणी!’

‘कोण म्हणालं?’

जवळच पालथ्या होडीच्या सावलीत एक म्हातारबाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक दातात. त्यांनी ते बाजूला काढून विचारलं, ‘तुमी दर सालाला कवा येता?’ भाऊबीजेला, मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. येईल त्या वाजता पाणी भरतं. शुद्ध असो, वद्य असो.

मी मोबाइल काढेपर्यंत आईचं झालं होतं. ‘बारा त्रिक छत्तीस. छत्तीसला चारनं भागलं, नऊ.’ घड्याळात पावणेनऊ. ‘आणि बीज म्हणजे दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडला भरती.’ ती माझ्याकडे वळली. ‘तेव्हा तू काय करतोस?’

तेव्हा मी जेवून घोरत असतो. दीडला भरती म्हणजे सहा तास अलीकडे, साडेसात-आठला पूर्ण ओहोटी. अकरा-बारा वर्षं मी नेमका ओहोटीच्या मुहूर्तावर हजर होत होतो आणि समुद्र बघून आलो म्हणून सांगत होतो. त्यातही अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, म्हणजे चढही मोठा आणि उतारही मोठा. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती आळशी, पाणी फार वर नाही आणि फार खालीही नाही. भाऊबीजेला समुद्र सगळ्यात जास्त लांब जातो, तेवढाच मी पाहिलेला.

हिशेबात जादू काही नाही. चंद्राचा महिना तीस तिथ्यांचा, त्यात भरती घड्याळाची पूर्ण फेरी मारते. चोवीस तासांना तीसनं भागलं की अठ्ठेचाळीस मिनिटं, तेवढी ती रोज उशिरा येते. कोळ्यांनी त्याचा पाऊण तास करून तोंडी हिशेबाला सोपं केलं. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो ज्यानं त्यानं आपल्या किनाऱ्यापुरता धरायचा. दाजींना मी तक्रारीच्या सुरात विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? ते म्हणाले, ‘तू विचारलंस कधी?’ खरंच आहे. गंगा कुठल्या बाजूला वाहते हे मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं?

आई एव्हाना पाण्याशी पोचली होती. निऱ्या वर खोचून घोटाभर पाण्यात उभी. हातातल्या पिशवीतून तिनं पाण्याची बाटली काढली, साधी, प्लॅस्टिकची, स्टेशनवर मिळते ती. मला वाटलं तहान लागली. तिनं बूच उघडलं आणि ओंजळीतून ते पाणी समुद्रात सोडलं. रामकुंडावरून भरून आणलं होतं. आदल्या दिवशी पहाटे, आम्ही पिशव्या बांधत होतो तेव्हा.

‘अगं, हे काय?’

‘एका डोंगराच्या दोन लेकी,’ ती म्हणाली. ‘वैतरणा पश्चिमेला दिली, गंगा पूर्वेला. हिला कधी इकडं यायला मिळणार?’

भूगोल तिचा चोख होता. वैतरणाही आमच्या त्र्यंबकच्याच डोंगरांतली; धरणाधरणांतून मुंबईला पाणी पाजत जाते आणि अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. ताईकडे बघायचं मी टाळलं. ताई पदरानं डोळे पुसतेय हे न बघताच कळत होतं.

पुढच्या भाऊबीजेला मी ताठ मानेनं गेलो. सूत्र हातात होतं. साडेसातला ओहोटी, थोडं इकडेतिकडे धरून आठ, म्हणजे दहापर्यंत भीती नाही, असा हिशेब करून मी त्या चकाकत्या रेघेपर्यंत चालत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिथं वाळूवर कुरवांचा थवा बसला होता, सगळे वाऱ्याकडे तोंड करून, रांगेत, जसे काही रेशनला उभे. त्यांच्याभोवती मी चांगला तासभर घुटमळलो. साडेनऊच्या पुढे कधीतरी लांबून एका बाईची हाक आली. मी समोर समुद्राकडे पाहिलं. पाणी चार हात पुढे आलं होतं, तेवढंच.

‘ओ भाऊ! पुढं काय बघता? मागं बघा, मागं!’

मागं पाहिलं आणि पोटात गोळा आला. मी उभा होतो तो वाळूचा जरासा उंच पट्टा होता. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये येताना लागलेला एक उथळ खळगा, ज्याच्यात तेव्हा घोटाभरही पाणी नव्हतं, तो बाजूनं गुपचूप भरत आला होता. आवाज नाही, लाट नाही. नदीकाठच्या माणसाला पाणी समोरून येताना बघायची सवय असते. ते आपल्याला वळसा घालून पाठीमागे जाऊन बसेल, हे डोक्यात येत नाही. मी निघालो. गुडघे. मांड्या. कंबर. घाबरलेल्या डोक्यातही मापं दुतोंड्या मारुतीचीच. छातीपर्यंत गेलं नाही, पण मोबाइल गेला. ती बाई कालवं काढायची टोपली कमरेला लावून खळग्याच्या काठावर माझी वाट बघत उभी होती. मी बाहेर आल्यावर तिनं फक्त विचारलं, ‘कुठले?’ नाशिकचा, म्हटल्यावर ‘हां’ म्हणाली. त्या ‘हां’मध्ये बरंच काही होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: पाणी उतरत असताना त्याच्यामागे जायचं, ते वळायच्या आधी आपण वळायचं, आणि ओलांडलेला प्रत्येक खळगा लक्षात ठेवायचा. सूत्र वेळ सांगतं, जमीन सांगत नाही.

याच्यानंतर दोनेक वर्षांनी पांडवलेणीवर गेलो होतो. आम्ही तिथं लहानपणापासून जातो. डबा खायचा, वरून शहर बघायचं, उतरायचं. लेण्यांतल्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत हे माहीत होतं, जसं शेजारच्यांच्या घरी पियानो आहे हे माहीत असावं तसं. या वेळी बरोबर एक लिपी शिकणारा भाचा होता, ताईचाच मुलगा. दहा नंबरच्या लेण्यात त्यानं मला ओळीवर बोट दाखवलं. क्षहरात राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याच्या दानांची यादी. तीन लाख गाई वगैरे. मग नद्यांची नावं, ज्यांवर त्यानं फुकट नावा चालू केल्या: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका.

‘मामा, दाहनुका.’

डहाणू. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचं, आमच्या नाशिकच्या खडकात. पारादा म्हणजे पार नदी, दमण म्हणजे दमणगंगा, दोन्ही उगम पावतात आमच्याच जिल्ह्यात आणि वाहतात पश्चिमेला. त्याच लेखात पुढे आणखी एक दान, नानंगोल गावात नारळाची बत्तीस हजार झाडं. अभ्यासक हे आजचं नारगोळ मानतात. उंबरगावच्या पुढचं, बोर्डीहून उत्तरेला. आणि शेजारी तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती, त्याच्या आईनं कोरून घेतलेली: ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. मी तिथल्या पायरीवर बसलो. आमच्या गल्लीला डहाणू कुठं हे माहीत नव्हतं, आणि गावाबाहेरच्या डोंगराला माहीत होतं. सोपारा, कल्याणच्या बंदरांतला माल घाट चढून नाशिकवरूनही पैठणकडे जायचा. समुद्राकडे पाठ ही आमची अलीकडची खोड.

अलीकडची तरी किती? दुसऱ्याच दिवशी गंगेवरून येताना नारोशंकराच्या घंटेखाली थांबलो. ती पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्या विजयाची खूण. चाळीस वर्षं तिच्याखालून मेथीची जुडी घेऊन जातोय. समुद्रकाठची घंटा नदीकाठी टांगलेली, आणि मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं हे सांगताना लोक तिचंही नाव घेतात.

ते शिलालेख पाहिल्यावरच्या भाऊबीजेला मी बोर्डीहून उत्तरेला चालत गेलो, झाईपर्यंत. ओहोटीच्या वाळूवरून तासाभराची चाल, सुरू संपतात, होड्या लागतात, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. बायको नाकाला पदर लावून चालत होती. मला तो वास आताशा आवडायला लागलाय, हे मी तिला सांगितलं नाही. झाई हे आपल्या किनाऱ्याचं शेवटचं गाव, पलीकडे गुजरात. तिथं उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर धुक्यात किनाऱ्याची एक निळसर पट्टी. बत्तीस हजारांतलं एक झाड तरी दिसावं अशी उगाच आशा होती.

दक्षिणेला, डहाणूच्या पलीकडे वाढवण. 30 ऑगस्ट 2024 ला तिथल्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. डहाणू तालुका 1991 मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला, त्यामुळे दाजींच्या ओट्यावर या विषयावर दिवाळीतही आवाज चढतात. बंदरापासून समृद्धी महामार्गाला, म्हणजे आमच्या इगतपुरी तालुक्याला जोडणारा रस्ता आखला जातोय. माझ्या आईला घाटात गाडी लागायची नाही, एवढा एक फायदा मला दिसतो. वाळूचं काय होईल, खळगे कुठं सरकतील, हे जाळ्यावाल्या बाबांना विचारायला हवं होतं, पण गेल्या दोन वर्षांत ते पालथ्या होडीपाशी दिसले नाहीत.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. पुन्हा घाट उतरायचं नाव काढत नाही. पण सकाळी पूजा झाली की कालनिर्णयापुढे उभी राहते. पूर्वी ती तिथी बघायची चतुर्थीसाठी, एकादशीसाठी. आता बोटं मोडत पुटपुटते आणि स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं जाहीर करते. परवा मी चपला सरकवत होतो.

‘आज सप्तमी. सात त्रिक एकवीस, सव्वापाच. आता ताईकडे उतरायला लागलं असेल.’

मी म्हटलं, ‘आई, आज भांगाचं आहे. फार लांब नाही जायचं.’

‘ते मला माहितीये,’ ती म्हणाली. ‘तू फोन लाव. तिला म्हणावं, वेलीपासून किती लांब आहे ते बघून सांग.’